कवड्यांच्या डब्यातली बाटली

आमच्या दादाचा विषय निघाला की तुळजापुरातली जुनी माणसं अजून हात जोडतात. "काय ती निष्ठा! नऊ दिवस उभा होता पोरगा, भुईला पाठ म्हणून लावली नाही." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. निष्ठा डोंबलाची! माझा भाऊ देवीसाठी उभा नव्हता. तो गोळ्यांवर उभा होता, आणि त्या गोळ्या पहिले पाच दिवस मी त्याच्या हातावर ठेवत होते, पुढचे चार दिवस आमचे आबा. एवढ्या वर्षांत हे मी कुणाला धड सांगितलं नाही. सांगायला गेलं की बायका तोंडावर पदर धरतात, "असं बोलू नये बाई, देवीचं असतं ते." म्हणून आता लिहूनच ठेवते. ज्याला कोपाची भीती वाटते त्यानं वाचू नये.

आबा देवीचे पुजारी. देवळात पूजेची आमच्या घराची पाळी असायची, आणि पाळी नसली तरी घर कधी रिकामं नसायचं. गावोगावचे यजमान दर्शनाला आले की आमच्या ओसरीवर उतरायचे, आमच्या चुलीवर नैवेद्य करायचे, आणि जाताना आबांच्या पाया पडून जायचे. निजामाचं राज्य होतं, तिकडं दुसरं महायुद्ध चालू होतं, रॉकेल मिळायची मारामार होती. अशा दिवसांत दादा हैदराबादेला बी.ए. करत होता. आमच्या भावकीतला एवढं शिकणारा तो पहिलाच. तिथं सगळं शिक्षण उर्दूत. घरात बोलायचं मराठी आणि पर्चा, म्हणजे परीक्षेचा पेपर, लिहायचा उर्दू, उजवीकडून डावीकडं. दादा हुशार होता, खोटं कशाला बोलू, पण दुसरी मुलं एकदा वाचत ते ह्याला तीनदा वाचावं लागे. पोरगा मुन्सफ व्हावा, कचेरीत न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसावा, लोकांनी त्याच्यापुढं उभं राहावं, एवढंच आबांच्या डोक्यात होतं.

निकाल लागायच्या आधीच आबांनी गावात पेढे वाटून टाकले. निकाल लागला तेव्हा दादाचा एक पर्चा राहिला होता. मआशियातचा, म्हणजे अर्थशास्त्राचा. आता पेढे काही लोकांच्या पोटातून परत काढता येत नाहीत. आबांनी घरात सगळ्यांना दम दिला, "कुणी चकार शब्द काढायचा न्हाय. पास झालाय म्हणून सांगायचं." फेरपरीक्षा दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी होती. तेवढा एक पर्चा दिला की बी.ए. झालाच, कुणाला काही कळायचंही नाही. दादा भाद्रपदात घरी आला तो ह्या एका पर्च्यासाठी.

आला तेव्हा देवी झोपलेली होती. परगावच्या माणसाला ह्याचं नवल वाटतं, पण आमची देवी झोपते. वर्षातून तीनदा तिला सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात. नवरात्राच्या आधी एकदा, दसरा झाला की पुन्हा पुनवेपर्यंत, आणि एकदा पौषात. ती निजली की आमच्या घरातही कुणी गादी वापरायचं नाही, बाजेवर निजायचं नाही, खाली घोंगडी टाकायची. आबा देवळातून आले की सांगायचे, आज तिला कसं निजवलं, उशी कशी नीट केली, अंगावर काय घातलं. सांगताना त्यांचा आवाज इतका मऊ व्हायचा की आम्हा पोरांशी ते तसे कधी बोलले नाहीत.

दादा आला त्याच दिवशी त्यानं मला माजघरात बोलावलं आणि खिशातून एक तपकिरी काचेची बाटली काढली. आत पांढऱ्या बारीक गोळ्या.

"हे काय हो, दादा? काय होतंय तुमाला?"

"मला काय होतंय? जागरणाच्या गोळ्या हायत. एक घेतली की झोप म्हणून येत न्हाय, भूक लागत न्हाय, आन वाचलेलं सगळं डोक्यात लखलखीत दिसतं. लढाईत विमानवाल्यांना देत्यात ह्या."

मग त्यानं मला सगळं सांगितलं, हसत हसत. बोर्डिंगात एक मुलगा होता. त्याला खरोखरचा झोपेचा आजार, जेवता जेवता ताटात डोकं टेकायचा. त्याला डॉक्टरनं ह्या गोळ्या लिहून दिल्या. इम्तिहान जवळ आलं तशी बाकीची पोरं त्याच डॉक्टरकडं गेली आणि सगळ्यांनी त्या मुलाचाच आजार सांगितला, शब्दाला शब्द. "साहेब, जेवता जेवता झोप लागते." आणि त्या डॉक्टरनं, हात झडोत त्याचे, मान वर करून न बघता सगळ्यांना चिठ्ठ्या लिहून दिल्या. अख्ख्या बोर्डिंगाला एकाच महिन्यात एकच आजार झाला आणि त्याला साधा संशय आला नाही! माझी आई न शिकलेली, पण चार पोरांना एकदम पोटदुखी झाली की तिला कळायचं आज शाळेत काहीतरी आहे.

"मग एवढं लखलखीत दिसत होतं तर पर्चा कसा राहिला?" मी विचारलं.

दादाचं हसू गेलं. तो म्हणाला, मआशियातच्या आधी त्यानं एकदम चार-पाच घेतल्या. पर्चा हातात आला. पहिल्याच सवालाचं उत्तर लिहायला लागला आणि तेच लिहीत बसला. इतकं सुंदर लिहीत होता म्हणे की थांबवेना. तीन तास एकच सवाल. घंटा झाली तेव्हा बाकीचे सवाल त्यानं वाचलेसुद्धा नव्हते.

म्हणजे ह्या गोळ्यांनीच एकदा पर्चा बुडवला होता. तरी पठ्ठ्या तीच बाटली घेऊन घरी आला. माणूस शिकला म्हणजे शहाणा होतो असं कुणी मला सांगू नये. त्याचं म्हणणं, गोळ्यांची चूक नाही, चूक जास्त घेण्याची.

"म्हणून तर ही तुझ्याकडं देतो. तू सांभाळ. सकाळी दोन द्यायच्या. तिसरी मागितली तरी द्यायची न्हाय. रडलो तरी न्हाय, पाया पडलो तरी न्हाय. घे शपथ."

मी पंधरा वर्षांची. एवढा शिकलेला भाऊ माझ्यावर भरवसा टाकतोय म्हणून मी फुलून गेले. देवीची शपथ घेतली. आईचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात माळांसाठी कवड्या ठेवलेल्या असायच्या. त्याच्या तळाशी बाटली पुरून ठेवली. कुणी हात घातला तर कवड्यांचा आवाज होणार आणि मला कळणार, इतकी मी हुशार.

पितृपक्ष संपेपर्यंत सगळं ठीक चाललं. दादा दोन गोळ्या घ्यायचा आणि ओसरीवर फेऱ्या मारत वाचायचा. बसायचा नाही. त्याला बसवतच नसे. तलब आणि रसद, तलब आणि रसद, म्हणजे मागणी आणि पुरवठा, हे दिवसरात्र ऐकून ऐकून मलाच पाठ झालं. जेवण कमी झालं, गाल बसले, पण आई म्हणायची, अभ्यासाचं असंच असतं.

मग घट बसले. ओसरी यजमानांनी भरून गेली. त्यात सास्तूरकडची एक यजमानीण होती, मोठ्या घरची, बोलण्यात अर्धं कानडी, देवीवर जीव टाकणारी. ती सकाळपासून बघत होती की हा पोरगा खांबाशी उभा आहे, ओठ हलतायत, बसत नाही, खात नाही. दुपारी तिनं आबांना विचारलं, "पुजारीबाबा, तुमच्या लेकानं उभ्याचं धरलंय काय?"

उभ्याचं नवरात्र आमच्याकडं धरतात. नऊ दिवस बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही. आढ्याला दोर टांगून छातीशी फळी बांधतात, तिच्यावर हात टाकून उभ्या उभ्याच डोळा लावायचा. फार कडक व्रत, लाखात एखादा धरतो. आबांनी काय म्हणायला पाहिजे होतं? "न्हाय, पोरगं अभ्यास करतंय." पण मग ती विचारणार, पास झालेलं पोरगं कसला अभ्यास करतंय? आबांनी एकदा दादाकडं बघितलं, एकदा त्या बाईकडं, आणि म्हणाले, "व्हय."

एक शब्द. त्या एका शब्दानं माझ्या भावाचं वाटोळं केलं. बाईनं लगेच दादाच्या पायांवर डोकं ठेवलं. तिच्या मागून सगळी ओसरी उठली. संध्याकाळपर्यंत आढ्याला दोर टांगला गेला, फळी बांधली गेली, दादाच्या गळ्यात कवड्यांची माळ पडली. त्याच डब्यातल्या कवड्या, मीच ओवून दिल्या.

मला वाटलं दादा चिडेल. तो तर हसला. मला हळूच म्हणाला, "बरंच झालं की. तसंही म्या उभाच असतो. आता कुणी बस म्हणणार न्हाय, जेव म्हणणार न्हाय. मजेत वाचतो." फळीवर पुस्तक उघडं ठेवून वाचायला लागला. लोकांना वाटलं पोथी आहे.

दोन दिवस त्याची ती मजा टिकली. आधी दोन गोळ्यांवर तो रात्री थोडा का होईना पडायचा. आता पाठ टेकायची सोयच गेली. तिसऱ्या दिवशी त्याची मान लटकायला लागली, गुडघे वाकायला लागले. पण बसायचं कसं? व्रत मोडलं तर घराण्याला कोप, असं लोक मानत, आणि लोक समोरच बसलेले. मी परडी घेऊन जवळून गेले की तो पुटपुटायचा, "एक दे. एकच दे." मी मान हलवायची. त्याचे दात एकमेकांवर करकरत होते. डोळ्यांची बुबुळं एवढी मोठी झालेली की पांढरं कमीच दिसायचं. बायका एकमेकींना दाखवायच्या, "तेज बघ, तेज!" तेज कसलं, गोळ्यांचे डोळे ते!

चौथ्या दिवशी सकाळी मी ओसरी झाडत होते. दादा फळीवरून हात काढून माझ्यापुढं वाकला आणि त्यानं माझे पाय धरले. सगळ्यांसमोर. मोठ्या भावानं धाकट्या बहिणीचे. आणि रडायला लागला. "दे गं. मरतो म्या. दे." मी दगडासारखी उभी राहिले. शपथ आठवत होती, पाया पडलो तरी न्हाय. तेवढ्यात ती सास्तूरची यजमानीण पुढं आली. नवरात्रात कुमारिकेला देवी मानून तिच्या पाया पडतात. तिला वाटलं, व्रतस्थ माणसाला ह्या पोरीत देवी दिसली. तिनंही माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मग दुसरी आली, तिसरी आली. माझ्या पायांवर हळदी-कुंकू, ओटीत खण. आणि खाली माझा भाऊ पाय धरून हुंदके देतोय. कुणी एकानं तरी त्या पोराच्या तोंडाकडं बघितलं का? सगळ्या माझ्या पायांकडं बघत होत्या!

मी आत पळाले, डब्यात कोपरापर्यंत हात घातला, कवड्या भुईवर सांडल्या, आणि तिसरी गोळी आणून त्याला दिली. दुपारी चौथी दिली. शपथ माझी तिथंच संपली.

पाचव्या दिवशी त्याचे पाय घोट्यापासून सुजून खांब झाले. तो फळीशी उभा राहून बोर्डिंगातल्या कुणाशी तरी बोलत होता, भांडत होता, आणि समोर कुणी नव्हतं. माझं धाबं दणाणलं. आबा आंघोळ करून माजघरात आले तशी मी बाटली त्यांच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, बोर्डिंग, पर्चा कसा बुडाला, तिसरी, चौथी, सगळं. "आबा, त्याला खाली बसवा. मरंल तो."

आबांनी बाटली उचलली. उजेडाकडं धरली. मला वाटलं आता आपटून फोडतील. आबांनी बाटली हलवून बघितली आणि विचारलं, "किती राहिल्यात?"

मला अजून तो आवाज ऐकू येतो. किती राहिल्यात! पोरगा कसा आहे नाही, डॉक्टरला बोलवू का नाही. मी म्हणाले, "वीसेक असतील." त्यांनी मनातल्या मनात दिवस मोजले, बाटली कनवटीला लावली आणि म्हणाले, "चार दिस राहिले. मोडू द्यायचं न्हाय. आन तू जीभ आवर." मी आईकडं बघितलं. आई भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्यांना कळतं, बाई." कळतं! त्या घरात सगळ्यांना सगळं कळत होतं आणि कुणी तोंड उघडत नव्हतं. मीसुद्धा त्यातलीच. ओसरीवर जाऊन ओरडले असते तर? नाही ओरडले. आबांची भीती वाटली. त्या भीतीचा मला आजही संताप येतो.

दुसऱ्या दिवसापासून आबा स्वतः तीर्थ द्यायचे. पळीभर तीर्थ दादाच्या ओंजळीत, आणि त्यात गोळी. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. दादा डोळे मिटून गिळायचा आणि पंचवीस-तीस माणसं हात जोडून बघायची. देवीच्या तीर्थातून! ज्या हातांनी देवीची उशी नीट करायची त्याच हातांनी.

अष्टमीला तर कहर झाला. दादाचं बोलणं आता थांबतच नव्हतं. लोकांनी धरलं की देवी बोलते आहे, आणि प्रश्न सुरू झाले. एकाची म्हैस हरवलेली. त्यानं विचारलं, आई, म्हैस कुठं गेली? दादा आढ्याकडं बघत घडाघडा बोलत सुटला. तलब बढी तो कीमत बढी, रसद बढी तो कीमत घटी. मला हसावं का रडावं कळेना, कारण हे पुस्तकातलं पान होतं, मला तोंडपाठ होतं. पण गावाकडच्या भाबड्या माणसाला काय कळणार? तो आबांच्या तोंडाकडं बघायला लागला. आणि आमचे आबा, देवाशप्पथ सांगते, गंभीर चेहरा करून म्हणाले, "आई सांगती, उगवतीकडं शोध."

तो माणूस उगवतीकडं गेला. म्हैस मिळाली की नाही कुणास ठाऊक, पण संध्याकाळपर्यंत प्रश्न विचारायला रांग लागली.

दसऱ्याला सीमोल्लंघन झालं, देवी पलंगावर गेली, आणि आमच्या ओसरीवर वाजतगाजत दादाचं व्रत उतरवलं. त्याला खाली बसवायला चार माणसं लागली. गुडघे वाकत नव्हते. तळपायांची कातडी फाटून त्यात कुंकू भरलं होतं, हा लोकांच्या भक्तीचा प्रसाद. मी आणि आईनं त्याला माजघरात घोंगडीवर निजवलं. डोकं टेकता टेकता तो झोपला. तोंड उघडं, गाल आत गेलेले. मी नाकाशी बोट धरून श्वास बघत बसले.

एकादशी उजाडली. सोलापूरची मोटार सकाळीच निघायची. तिकडून रेल्वेनं हैदराबाद. त्या मोटारीत दादा बसला नसता तर पर्चा चुकलाच म्हणून समजा. आबा देवळातून आले. त्यांचं तोंड शांत होतं, देवीची व्यवस्था बघून यायचे तेव्हा असायचं तसं. त्यांच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता आणि दुसऱ्या हातात ती बाटली.

"हो बाजूला. त्याला उठवतो. दोन गोळ्या पोटात गेल्या की हुशारी येईल, मोटारीत बसवून देतो."

मी माजघराच्या उंबऱ्यात बसले होते. उठले नाही. आत दादा घोरत होता. नऊ दिवसांत पहिल्यांदा माझ्या भावाच्या अंगात त्याचा तो स्वतः होता, दुसरं कुणी नव्हतं.

"पोरी, हो बाजूला म्हणतो ना! पर्चा हाय त्याचा!"

मला काय झालं सांगता येत नाही. शहाणपण नव्हतं ते, नुसता राग होता. नऊ दिवसांचा सगळा राग तोंडात आला.

"आबा, आधी देवळात जा आन देवीला उठवा. पुनवंच्या आत तिला पलंगावरून उठवून दाखवा. मग म्या दादाला उठवते."

आबांचा हात वर गेला. मागं ओसरीवर ती सास्तूरची यजमानीण निघायच्या तयारीत गाठोडं बांधत होती, ती तशीच थांबली. "जीभ झडंल तुझी," आबा म्हणाले. पण हात खाली आला, माझ्या गालावर नाही आला. देवीची झोप मोडायची म्हणजे काय, हे आमच्या गावात आबांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी तांब्या आणि बाटली तिथंच भुईवर ठेवली आणि ते परसात निघून गेले. थोड्या वेळानं मोटारीचा भोंगा वाजला. मी उठले, उरलेल्या गोळ्या न्हाणीघरात ओतल्या, वर तांब्याभर पाणी सोडलं. रिकामी बाटली कोनाड्यात ठेवली. का ठेवली, फेकून का दिली नाही, देव जाणे.

दादा दोन दिवस झोपला. आई मधूनमधून त्याच्या ओठांवर दूध सोडायची. तिसऱ्या दिवशी, पर्च्याच्याच दिवशी, दुपारी त्यानं डोळे उघडले. मी शेजारीच होते. मला वाटलं पाणी मागेल.

"आज कंची तिथ हाय?"

मी सांगितली. त्यानं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "गोळ्या संपल्या व्हत्या का?"

"न्हाय. व्हत्या."

"मग दिली का न्हाईस?"

मी म्हणाले, "तुमीच सांगितलं होतं, दादा. पाया पडलो तरी न्हाय." त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

तो पुढं परीक्षेला कधी बसला नाही. जाईन जाईन म्हणायचा, पण पुस्तक उघडलं की अक्षरं एका जागी थांबत नाहीत म्हणायचा, आणि रात्र रात्र टक्क जागा असायचा, गोळी नसताना. लोक मात्र येतच राहिले. मुन्सफाची खुर्ची नाही मिळाली, पण लोक त्याच्यापुढं हात जोडून उभे राहायला लागले, आणि आबांचं त्यातच भागलं. आबांवर तो कधी रागावला नाही. त्यांच्या पाया पडायचा, त्यांनी दिलेलं तीर्थ घ्यायचा. घरच्यांना सांगायचा ते एवढंच, "माझा पर्चा हिनं बुडवला."

त्याच सालची भाऊबीज. मी पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. दादा येऊन बसला. आबा आणि आई दारात उभे होते. मी त्याला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि ताट पुढं धरलं. त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि ती रिकामी तपकिरी बाटली काढून माझ्या ताटात ठेवली, निरांजनाच्या शेजारी.

मी आबांकडं बघितलं. एवढं तरी बोला, म्हटलं मनात. सांगा त्याला, सहाव्या दिवसापासून कुणी दिल्या ते. आबांनी नजर खाली घातली. आई म्हणाली, "आत ने ते ताट. वात विझंल."

मी ताट आत नेलं. वात विझू दिली नाही.